बंडीची उलाळ, पिकअपचे पाटे आणि साडेतीन टनांची रेघ

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या दारात पिकअप उभी असते, ज्यांचा भाऊ, मुलगा, जावई रात्रीच्या ट्रिपा मारतो, किंवा ज्यांच्या घरची बाई सोयाबीन सोंगायला अन् कापूस वेचायला पिकअपमध्ये मागे उभी राहून जाते, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं एक मसुदा अधिसूचना काढली. समोर धडक होणार असं दिसलं की गाडीनं आपोआप ब्रेक मारायचा, चालकाला डुलकी येतेय हे ओळखून त्याला जागं करायचं, आणि गाडी आपली लेन सोडायला लागली की इशारा द्यायचा, अशी यंत्रं सक्तीची करायचा तो प्रस्ताव. नव्या मॉडेलसाठी मसुद्यात एप्रिल २०२६ ही तारीख धरली होती. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी तर सक्तीचा झालाच आहे. बातमी चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण यात कोणत्या गाड्या येतात ते नीट वाचा. मोठ्या प्रवासी गाड्या, बसगाड्या, आणि मालवाहू गाड्यांपैकी एन-२ आणि एन-३. एन-२ म्हणजे भरल्या मालासकट साडेतीन टनांच्या वर ते बारा टनांपर्यंत, एन-३ त्याच्याही वर. साडेतीन टनांपर्यंतची ती एन-१. आपली पिकअप एन-१. छोटा हत्तीही एन-१. म्हणजे संत्र्याच्या दिवसात कुऱ्ह्याच्या रस्त्यावर किंवा मोझरीत हायवेच्या कडेला सकाळी अर्धा तास उभं राहिलं तर भरलेल्या ज्या गाड्या एकामागून एक दिसतात, त्यातल्या बहुतेक या रेघेच्या खाली राहतात. एसी नाही, डुलकी ओळखणारा कॅमेरा नाही, आपोआप ब्रेक नाही.

ही रेघ कशी पडली अन् आपण तिच्या खाली कसे आलो, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. वऱ्हाडाचा इतिहास लिहिणारे कापसाचा भाव लिहितात, जिनिंगा लिहितात, रेल्वे लिहितात. कापूस ज्याच्यावर लादला त्या चाकाबद्दल फार कोणी लिहीत नाही.

आधी तर चाकही नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. तिथून नावेनं पुढे कलकत्त्याला. १८४२ साली एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांची ओझी या वाटेनं रवाना केली, असं जुनं गॅझेटियर सांगतं. बैलाच्या दोन्ही अंगाला सारख्या वजनाच्या गोण्या, एक बाजू जड झाली की बैल वाकडा चालणार. वजन किती यापेक्षा ते कुठं ठेवलं, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि लांबचे तांडे संपले. पण रेल्वे काही शेतात येत नाही. तिवस्याला तर आजही रेल्वे नाही. शेतापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्टेशनापर्यंत ओझं बंडीच वाहत राहिली, ती पुढची शंभर वर्षं.

बंडीला स्प्रिंग नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि आसावर थेट साटा. लंडनच्या ओबाडाया इलियटनं १८०४ मध्येच घोडागाडीसाठी कमानीच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडेही साहेबाच्या बग्गीला, शहरातल्या टांग्याला कमानी आल्या. बसणाऱ्या माणसाला धक्का लागू नये म्हणून आल्या. मालाला काय धक्का लागायचा! त्यामुळं बंडीचे सगळे धक्के अखेर बैलाच्या खांद्यावर जायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, त्यांना हळद-तूप लावतात, त्यामागं हे एवढं कारण आहे. बंडीची स्प्रिंग तीच होती.

आणि एक शब्द होता, जो आता तिशीच्या आतल्या पोरांना सांगावा लागतो : उलाळ. दोन चाकांच्या बंडीत ओझं आसाच्या मागं जास्त गेलं की पुढचा धुरा वर उचलतो, जू बैलांच्या मानेवरून उठतं अन् गळ्याला फास बसतो. बंडी उलाळली म्हणायचे. ओझं फार पुढं घेतलं तर सगळा भार खांद्यावर. म्हणून भरताना अनुभवी माणूस धुऱ्याजवळ उभा राहायचा, हातानं धुरा उचलून पाहायचा, थोडा भार पुढं आहे एवढी खात्री करायचा आणि मगच बैल जुपायचा. शाळेत न गेलेल्या माणसाला तरफेचा नियम असा पाठ होता.

मग रबरी टायर आले. टायरच्या बंडीला लोक कंपनीच्या नावानं डनलप म्हणायचे. ओढायला हलकी, त्यामुळं लगेच ओझं वाढलं. सरकारचंही तिकडं लक्ष गेलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये ओझी ओढणाऱ्या-वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. जनावर लहान की मोठं, चाकाला हवेचा टायर आहे की नाही, यावर वजनाची मर्यादा ठरली. त्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुपायचं नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. नियम किती पाळले गेले तो भाग वेगळा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ३७ म्हणजे थंडावाच. पण कागदावर बैलाला विश्रांती होती. हे लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

बेंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी सत्तरच्या दशकापासून बैलगाडी सुधारा म्हणून देशभर आवाज उठवला. मॅनेजमेंटचा प्रोफेसर बैलगाडीवर बोलतो म्हणून काहींना गंमत वाटली असेल. ते बोलत होते ते मात्र खरं होतं. देशाचा केवढा तरी माल बंडीवर जात होता अन् तिच्या रचनेकडं कोणी पाहत नव्हतं.

तोपर्यंत इंजिन आलं होतं. १९४७ मध्ये महिंद्रानं मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली. लढाईसाठी बनलेली गाडी, खाली पोलादी पाटे. १९५८ मध्ये फिरोदियांनी जर्मन कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेम्पो काढली, तीनचाकी टेम्पो आला, मग मॅटाडोर. आपल्याकडं कोणत्याही लहान मालगाडीला टेम्पो किंवा मॅटाडोर म्हणायची सवय पडली ती तिथून. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली. मे २००५ मध्ये टाटाचा छोटा हत्ती आला आणि ज्याची आयुष्यभर बंडीच होती अशा माणसाचा पोरगा हप्त्यावर चारचाकीचा मालक झाला. त्याच सुमारास पिकअप गावागावात शिरली. बैलजोडी पाळणं महाग, गडी मिळत नाही, पिकअप चारा खात नाही. गोठे रिकामे झाले. यात रडण्यासारखं काही नाही, पोरांना रोजगार मिळाला.

आता जरा गाडीखाली वाकू या.

पिकअपच्या मागच्या आसावर पोलादी पाटे असतात, एकाखाली एक, कमानीसारखे. वजन पडलं की कमान सपाट होते, गाडी बसते, वजन उतरलं की पुन्हा वर येते. किती पाटे, किती जाड, हे कंपनी आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांच्या ताकदीशी जुळवून ठरवते. आपल्याकडं नवी पिकअप शोरूममधून निघाली की देवदर्शनाच्या खालोखाल मान पाटेवाल्याचा. मागं एक-दोन जादा पाटे. मी हायवेवरच्या एका मिस्त्रीला कारण विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, पाटा टाकला का गाडी बसत नाही. अन् गाडी बसली नाही का कोणी थांबवत नाही."

या दोन वाक्यांत सगळं आलं. ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण रस्त्यावरच्या माणसाला संशय येतो तो डोळ्यांनी, गाडी मागं बसलेली दिसली तर. जादा पाटा घातलेली गाडी दोन-अडीच टन घेऊनही सरळ उभी दिसते.

पाट्यानं गाडीची ताकद वाढते हा समज मात्र खोटा आहे. पाटा वाढला, आस तोच राहिला. टायर तेच, ब्रेक तेच. उलट एक गोष्ट बिघडते, जी बऱ्याच मालकांना ठाऊकही नसते. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो, मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. एक दांडी आसाला जोडलेली, व्हॉल्व्ह चासीवर. गाडी वजनानं बसली की दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की माल भरलाय, आणि तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त सोडतो. रिकामी असली की कमी सोडतो, कारण रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू शकते. म्हणजे या गाडीला वजन कळतं ते बसण्यातून. आपण पाटे टाकून तिचं बसणंच बंद केलं. अडीच टन संत्रा पाठीवर आहे अन् ब्रेकला वाटतंय गाडी रिकामी आहे! तळेगावकडच्या उतारावर समोर म्हैस आली की काय होतं ते मग पंचनाम्यात लिहून येतं : चालकाचे नियंत्रण सुटले. या तीन शब्दांच्या बातम्या मी स्वतः किती लिहिल्या असतील, मोजदाद नाही.

आणि ती उलाळ? ती गेली नाही, फक्त तिचं नाव कोणी घेत नाही. फाळका उघडून साखळीवर आडवा सोडायचा आणि त्यावरही कट्टे रचायचे, हे आपण रोज पाहतो. ते ओझं मागच्या आसाच्या मागं लटकतं. तरफ तीच, बंडीचीच. पुढची चाकं हलकी पडतात, स्टेअरिंग तरंगतं, आणि थांबण्याचं जास्त काम ज्या पुढच्या ब्रेकनं करायचं त्यांच्या चाकांची रस्त्यावरची पकड सैल होते. हेडलाइट आभाळात. समोरून येणारा मोटारसायकलवाला आंधळा होतो. बंडी उलाळली तर बैल अडायचा, धुरकऱ्याला लगेच कळायचं. पिकअप अडत नाही, ऐंशीनं पळते. कापसाचं दुखणं आणखी वेगळं. कापूस हलका पण फुगीर, म्हणून तो उंच चढतो, अन् वळणावर गाडी कलंडते.

परदेशात पिकअप ओढायलाही वापरतात. मागं बोट, मागं घरासारखा डबा जोडतात. त्यांच्या काही महागड्या गाड्यांना मागं पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या असतात. वजन आलं की हवा भरते, गाडी समतल होते, आणि हवेच्या दाबावरून यंत्रणेला वजनही समजू शकतं. म्हणजे गाडी सरळ ठेवायची पण वजन लपवायचं नाही. आपला जादा पाटा गाडी सरळ ठेवतो आणि वजन लपवतो. (आपल्याकडं ओढायचं काम ट्रॅक्टरचं. त्याच्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेकही नसतो. तो विषय वेगळा, त्यावर स्वतंत्र लिहीन.)

म्हणून कॅमेऱ्याचा आणि पाट्याचा संबंध आहे. आपोआप ब्रेक मारणारा कॅमेरा किंवा रडार कंपनी एका ठरावीक उंचीवर, ठरावीक कोनात बसवते. गाडीचं नाक वर झालं की त्याची नजरही वर गेली. आणि समजा त्यानं वेळेवर ओळखलं, ब्रेकही मारला, तरी थांबवायचं काम शेवटी त्याच टायर-ब्रेकनं करायचं. उद्या रेघ बदलून एन-१ लाही ही यंत्रं लावली, तर मी टाळ्या वाजवीन. पण पाट्याकडं न पाहता लावली तर मालकाच्या हप्त्यात भर पडेल, एवढंच.

एन-१ ला लावणं अशक्य आहे असंही नाही. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या लहान मालगाड्यांनाही आपोआप ब्रेक आणि चालकाच्या झोपेचा इशारा सक्तीचा आहे. आपल्याकडं कारच्या टकरीची परीक्षा घेऊन तारे देणारी भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, पण ती फक्त प्रवासी गाड्यांना. पिकअपला तारे विचारणारा गिऱ्हाईकच नाही. तो विचारतो, माल किती घेते.

वेगाची मर्यादा तेवढी पिकअपला लागू झाली. २०१५ च्या नियमानं मालवाहू गाड्यांना ताशी ऐंशीचं बंधन आलं, त्यात ती आली. म्हणजे वेगाला चाप लावायचा तेव्हा ही गाडी धोक्याची, आणि चालकाला जपायचं तेव्हा ती लहान.

आता झोपेकडं येतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली, २५ माणसं गेली. तेव्हापासून चालकाची डुलकी हा विषय महाराष्ट्रात जोरात आला. पण आपल्या संत्र्याच्या गाडीचा दिवस पाहा. सकाळी मजूर बगीच्यात सोडायचे, दुपारी तोडा, संध्याकाळी भरणं, रात्री निघून शंभराहून जास्त किलोमीटरवर नागपूरच्या कळमना मंडीत पहाटेच्या आत लागायचं. माल रिकामा करून परत. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "झोप आली तं काच खाली करतो, तोंडावर पाणी मारतो. थांबलो तं मंडी निघून जाते."

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं चालकाला दिवसाचे आठ तास ठरवून दिले, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती दिली. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्या धंद्याला होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं मालवाहू गाडीच्या चालकाचे तास त्याच कायद्याकडं बोट दाखवून सांगितले. आता पिकअपचा मालक तोच, चालक तोच, हमालही अर्धा तोच. त्याचे तास मोजायचे कोणी? बैलाचे नऊ तास १९६५ मध्ये लिहून ठेवलेत. त्या बैलाच्या जागी आलेल्या गाडीवर बसलेल्या पोराचे तास मोजणारा कोणी नाही.

आणि मागं उभ्या असलेल्या बायका. त्यांच्यासाठी तर नियम अगदी स्पष्ट आहे, त्यांनी तिथं असायचंच नाही. डिसेंबर २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं आशा राणी खटल्यात सांगितलं की मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही. १९९४ च्या दुरुस्तीनं मालासोबतच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला तेवढं संरक्षण मिळालं. पण वेचणीला जाणाऱ्या पंधरा बायका मालाच्या मालक नसतात. अपघात झाला तर बहुतेक वेळा भरपाई गाडीमालकावर येते, आणि त्याच्याकडं विकायला असते ती तीच पिकअप, हप्ते बाकी असलेली. दोन्ही घरं एकाच दिवशी बसतात. एसटी शेतात जात नाही, ऑटोला परवडत नाही, हे मला कळतं. म्हणून "बायकांना नेऊ नका" असं फुकटचं सांगणार नाही. मजुरांच्या ने-आणीसाठी परवानगी असलेली प्रवासी गाडी चार शेतकऱ्यांनी मिळून लावली तर काय खर्च येतो, हे हंगामापूर्वी बसून काढता येईल.

पाट्याचं मात्र आजच करता येतं. कंपनीच्या रचनेत परवानगीशिवाय बदल केला तर २०१९ पासून मालकाला प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी अन् नंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. त्या दिवशी गाडी रिकामी असते, धुतलेली असते, ब्रेक रिकाम्या गाडीचा तपासतात, हेडलाइट रिकाम्या गाडीचा तपासतात. पण पाटे तर रिकाम्या गाडीतही मोजता येतात. कोणत्या मॉडेलला किती पाटे, हा कंपनीचा तक्ता तपासणीच्या ठिकाणी भिंतीवर लावा आणि खाली वाकून मोजा, एवढी एक मागणी मी लेखी देणार आहे. सोबत एन-१ ला मसुद्यात घेण्याची दुसरी.

त्यासाठी मला आकडे पाहिजेत. तिवसा, कुऱ्हा, मोझरी, वरखेड, शेंदूरजना बाजारच्या पिकअपवाल्या भावांनो, गाडीचं मॉडेल, कंपनीनं दिलेले पाटे किती, तुम्ही टाकलेले किती, आणि मागची दांडी अजून जोडलेली आहे की मिस्त्रीनं काढून टाकली, एवढं इनबॉक्समध्ये कळवा. नाव, गाडी नंबर नको. रविवारपर्यंत कळवलं तर सोमवारच्या अर्जात घेतो.